ठिगळाची पेटी आणि चोवीस बिट

मी एक जुनी पेटी आहे. मित्रांनो, कपड्यालत्त्याची पेटी समजू नका हं, मी वाजवायची पेटी. काही जण मला हार्मोनियम म्हणतात. तसं कुणी म्हटलं की मला उगाचच इस्त्रीचे कपडे घालून पाहुण्यांसमोर बसवल्यासारखं वाटतं. सोलापुरात बुधवार पेठेतल्या एका छोट्या घरात, खिडकीखालच्या बाकावर माझं बस्तान आहे. वयानं मी पन्नाशीकडे झुकले आहे, एका पांढऱ्या पट्टीचा कोपरा उडालेला आहे आणि स्वभावानं मी थोडी आढ्यताखोर आहे. हे शेवटचं पुढे तुमच्या लक्षात येणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म गुरप्पांच्या हातचा. गुरप्पा मूळचे दुधनीचे, घरात कानडी बोलणारे. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं पेट्यांचं दुकान होतं. कुणाच्या तरी पाडलेल्या घराचं सागवानी दार त्यांनी आणलं आणि त्यातून माझं अंग कापलं. आत पितळी पत्त्या बसवल्या. त्या पत्त्यांना सूर म्हणतात. मागचा भाता हलला की वारा आत येतो, पट्टी दाबली की तो वारा पत्तीला थरथरवतो आणि मी गाते. वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. उजव्या हाताचं कौतुक सगळे करतात. डावा बिचारा मागे राबत असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

गुरप्पा एकेक सूर कानसेनं घासून जागेवर आणायचे. गिऱ्हाईकानं घाई केली की म्हणायचे, "सावकाश री, सावकाश. लाकडाला बी जरा ऐकू द्या की." गिऱ्हाईक चुळबुळत बसायचं आणि ते आपले पुन्हा पत्ती घासायचे.

मला घ्यायला रावसाहेब आले. ते मिलमध्ये कामाला होते. त्यांची बायको नागूबाई नुकतीच महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती आणि तिला गाण्याचं वेड होतं. रावसाहेबांनी मला सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलं आणि घरी नेलं. रस्ताभर ते सायकल हातात धरून चालले, एकदाही वर बसले नाहीत. त्या दिवसापासून मी नागूबाईंची झाले. शाळेत, गल्लीत, सगळीकडे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते.

बाईंनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. शाळेत प्रार्थना माझ्यावर, कविता माझ्यावर, इतकंच काय, पाढेसुद्धा माझ्यावर. तेराचा पाढा बाईंनी अशा चालीत बसवला होता की नापास होणारी पोरंही तो गुणगुणत घरी जायची. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांची गायन पार्टी जमायची. जयंतीच्या दिवसांत तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. आज या गावाला, उद्या त्या गावाला, टेम्पोच्या हौद्यात ढोलकी, सतरंज्या, बायका आणि मी. कार्यक्रम संपला की एखादी म्हातारी जवळ येऊन माझ्या लाकडावरून हात फिरवायची. "बाई, तुमची पेटी बोलती की ओ!" असं म्हणायची. मला ते खोटं कधीच वाटलं नाही.

एकदा मोहोळच्या अलीकडे टेम्पोनं करकचून ब्रेक मारला आणि मी घरंगळत जाऊन फळीवर आदळले. भात्याचा कोपरा फाटला. कार्यक्रम तर तासाभरावर आला होता. रावसाहेबांनी पंक्चरच्या दुकानातून ट्यूबचा तुकडा आणि सोल्यूशन आणलं आणि माझ्या भात्याला ठिगळ मारलं. म्हणाले, "तात्पुरतं हाय. सोलापूरला गेल्यावर गुरप्पाकडं नेऊ." आपल्याकडे तात्पुरतं म्हणून केलेलं किती वर्षं टिकतं, हे तुम्हाला सांगायला नको. मिल बंद पडली, रावसाहेब म्हातारे झाले, एक दिवस गेले, पण ठिगळ जागच्या जागी राहिलं.

त्या ठिगळातून थोडा वारा निसटायचा. फुस्स असा अगदी बारीक आवाज व्हायचा आणि सूर एक क्षण बसल्यासारखा होऊन पुन्हा उठायचा. बाईंनी त्यावर आपली युक्ती काढली. भात्याला आधी दोन छोटे हिसके द्यायचे आणि मग एक लांब दाब. हळूहळू ती त्यांची सवय झाली, आणि पुढे त्यांची ओळखच झाली. गल्लीच्या टोकाला उभं राहूनही लोक सांगायचे की आत बाई वाजवतायत, दुसरं कुणी नाही.

आता बाईंच्या मुलाविषयी सांगते. त्याचं नाव दिपक. माझ्या शेजारी पाळण्यात झोपून तो मोठा झाला आणि मोठेपणी आवाजाच्याच धंद्यात पडला. घराच्या मागच्या खोलीत त्यानं भिंतींना फोम चिकटवला, कॉम्प्युटर आणला आणि जयंतीची गाणी, जाहिराती, शॉर्ट फिल्मचं संगीत असली कामं तो करू लागला. त्याच्या खोलीत सनई आहे, सारंगी आहे, संबळ आहे, अख्खा व्हायोलिनचा ताफा आहे, पण वस्तू म्हणून एकही नाही. कुणीतरी कुठेतरी खरं वाद्य वाजवून त्याचा एकेक सूर वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. असे सगळे सूर एकत्र बांधले की त्याला लायब्ररी म्हणतात. मग कीबोर्डची पट्टी दाबली की तो रेकॉर्ड केलेला सूर वाजतो. मला हा प्रकार पहिल्यापासून आवडला नाही. कसा आवडेल? त्या खोलीत माझ्यासारख्या शंभर जणी एका डब्यात राहत होत्या आणि कुणाला पुसावंही लागत नव्हतं.

दिपकच्या तोंडी एक शब्द सतत असायचा, बिट. ही लायब्ररी सोळा बिटची, ती चोवीस बिटची. मी रोज ऐकून ऐकून समजून घेतलं, ते तुम्हालाही सांगते. आवाज कॉम्प्युटरात भरायचा तर तो क्षणाक्षणाला मोजावा लागतो. त्या मोजपट्टीवर खुणा किती, हे बिटावरून ठरतं. सोळा बिटच्या पट्टीवर पासष्ट हजारांच्या वर खुणा असतात आणि चोवीस बिटच्या पट्टीवर पावणेदोन कोटींच्या आसपास. आकडा ऐकून दिपकचे डोळे चमकायचे. चोवीस बिट नसलेली लायब्ररी तो हातात घेत नसे. "आई, सोळा म्हंजी जुना जमाना," असं तो बाईंना सांगायचा. बाई म्हणायच्या, "असंल बाबा. मला पाढा तीसपर्यंतच येतो." आणि पुन्हा माझ्या भात्याला दोन हिसके आणि एक दाब.

गेल्या हिवाळ्यात बाई सकाळी उठल्या आणि पडल्या. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा डावा हात मांडीवर ठेवला की तसाच पडून राहायचा आणि जीभ जड झाली होती. पाय सुधारत गेले, काठी टेकून त्या घरात फिरू लागल्या. पण बोलणं काही केल्या सुटेना. "पाणी" म्हणायला गेल्या तर ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळायचं. जन्मभर चाळीस पोरांच्या वर्गावरून आवाज नेणारी बाई, ती समोरच्याला आपलं म्हणणं कळत नाही म्हणून गप्प राहायला लागली.

बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "गाता का तुम्ही? मग रोज गा. एकेक सूर लांबवा, गाण्यातले शब्द मोठ्यानं म्हणा. जिभेला इतका चांगला व्यायाम दुसरा नाही. पण रोज केला पाहिजे, पहिले काही महिने महत्त्वाचे असतात." दिपक आणि त्याची बायको चैताली, दोघांनाही वाटलं, हे तर सोपंच झालं.

सोपं कुठलं? बाई पेटीच्या सुराशिवाय गायला तयार नव्हत्या. आयुष्यात कधी तशा गायल्याच नव्हत्या. आणि माझ्यापाशी बसल्या की उजवा हात पट्टीवर जायचा, डावा मांडीवर पडून राहायचा आणि मी मुकीच. चैताली जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. ती ऑफिसातून आल्यावर पलीकडच्या बाजूला बसून माझा भाता हलवू लागली. दोन-तीन दिवस केलं. बाई सुरावर थांबायच्या तेव्हा तिचा भाता पुढे गेलेला असायचा. चैताली थकलेली असायची, मधेच कुकरची शिट्टी व्हायची, ती उठून जायची. चौथ्या दिवशी बाईंनी झाकण लावलं. कष्टानं एकेक शब्द काढत म्हणाल्या, "माज्यासाटी... तू... बसू नको." आपल्या एका सुरासाठी दुसऱ्या माणसानं खोळंबावं, हे त्यांना सोसलं नाही. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. माझ्यात सगळे सूर शाबूत होते आणि एकाचाही त्यांना उपयोग नव्हता.

मग दिपकनं ठरवलं की आईला कीबोर्ड द्यायचा. कीबोर्डला भाता नसतो, एका हाताचं काम. त्यानं परदेशातल्या एका कंपनीची पेटीची लायब्ररी विकत घेतली. अर्थात चोवीस बिट. बाकावर माझ्या शेजारी कीबोर्ड मांडला, स्पीकर लावले आणि म्हणाला, "आई, वाजव. ह्याच्यापेक्षा भारी पेटी जगात न्हाय."

खरं सांगते, मला धडकीच भरली. ही आली म्हणजे मी माळ्यावर गेले, हे मला दिसत होतं. बाईंनी काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी दाबली, तोच त्यांचा सा. आवाज सुंदर होता. गोल, गुळगुळीत, कुठे डाग नाही. बाईंनी दोन-चार सूर वाजवले आणि हात काढून घेतला.

"का गं? चांगली न्हाय का?"

"चांगली... हाय," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याची हाय."

मी मनातल्या मनात हसले. पण बाई त्या दिवशीही गायल्या नाहीत, तेव्हा हसण्यासारखं त्यात काय होतं?

दिपकच्या डोक्यात मग वीज चमकली. दुसऱ्याची नको ना, मग आपलीच भरू! माझाच एकेक सूर रेकॉर्ड करायचा आणि माझीच लायब्ररी करायची. चोवीस बिटमध्ये, नवा माइक लावून. विचार उत्तम होता, आणि इथेच त्यानं एक चूक केली. चांगल्या घरातली चांगली माणसं करतात तीच चूक. पाहुणे यायचे म्हणून आपण घर झाडतो, रंग देतो, तसं त्याला वाटलं की आईची पेटी कायमची रेकॉर्ड व्हायची आहे, तर आधी तिला नीटनेटकी करून घ्यावी. त्यानं मला रिक्षात घालून गुरप्पांच्या दुकानात नेलं. गुरप्पा आता नाहीत, त्यांचा मुलगा दुकान बघतो. त्यानं भाता उलटसुलट करून पाहिला, ठिगळावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काढू का री? का राहू द्यायचं?"

"काढा की. सगळं नवं करा," दिपक म्हणाला. "आईसाटी हाय. काय बी कमी ठिवू नका."

तो माणूस कामात बापाच्या तोडीचा होता. त्यानं भात्याला नवं चामडं बसवलं, गंज खरवडला, सूर घासून सारखे केले, लाकडाला पॉलिश दिलं. ठिगळ ओढून काढलं आणि टाकून दिलं. मी तरणीताठी होऊन घरी आले. आरशात पाहावं अशी चकाकत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? किती वर्षांनी माझा दम टिकत होता.

रविवारी पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून रेकॉर्डिंग झालं. चैतालीनं भाता धरला, दिपकनं पट्ट्या. प्रत्येक सूर तीनदा भरला, हळू, मध्यम आणि जोरात. उन्हाळा लागला होता, दोघं घामानं निथळत होती, पण हौसेनं करत होती. संध्याकाळपर्यंत माझी लायब्ररी तयार झाली. दिपकनं बाईंचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. "आता तुझीच पेटी हाय बघ. लाव सा."

बाईंनी सा लावला. ऐकला. पुन्हा लावला. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खऱ्या पेटीकडे. उजव्या हातानं चैतालीला खूण केली की भाता हलव. चैतालीनं हलवला. बाईंनी माझी काळी चार दाबली आणि मी गायले, स्वच्छ, सरळ, एकही फुस्स न करता. बाईंचा चेहरा उतरला.

"ठिगळ?" त्यांनी विचारलं. तो एक शब्द स्पष्ट आला.

"काढलं की, आई. लई फाटलं हुतं."

माझ्या भात्याच्या कोपऱ्यावर, जिथे ट्यूबचा तुकडा असायचा तिथे, त्यांनी बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "झाकून ठेव." चैतालीनं माझ्यावर कापड घातलं. मी आजारी होते तेव्हा बाईंची होते, आणि बरी झाले ती कुणाचीच उरले नाही.

दिपक दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. त्याला वाटत होतं, रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी कमी पडलंय. आणखी चांगला माइक आणावा, आणखी वरच्या दर्जाचं भरावं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शेवटी चैतालीनंच त्याला थांबवलं. ती म्हणाली, "आदी एक सांगा. सोळा आनि चोवीस बिटमदला फरक तुमाला तरी कळतो का? डोळे मिटा. मी वाजवती."

दिपकनं एकच सूर दोन्ही तऱ्हांनी तयार केला आणि डोळे मिटून बसला. चैताली कधी हा लावायची, कधी तो. दार उघडं होतं, कापडाखालून मला सगळं ऐकू येत होतं. दिपक ठासून म्हणाला, "हा चोवीस." तो निघाला सोळा. "हा सोळा." तोही सोळाच. कधी बरोबर यायचं, कधी चूक, अगदी छापा-काटा केल्यासारखं. ज्याचं पोट कानावर चालतं त्या माणसाचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. पण दिपक प्रामाणिक आहे. हसून म्हणाला, "न्हाय कळत गं."

मग तोच तिला समजावू लागला, आणि मला वाटतं तेव्हा त्याला स्वतःलाही पहिल्यांदा नीट उमगलं. चोवीस बिटच्या त्या जादा खुणा सगळ्या तळाशी असतात, अगदी बारीक आवाजाच्या टोकाला. पेटीचा नुसता भाता हलला तरी त्याची सळसळ त्या खुणांच्या कितीतरी वर असते. मग तळाशी कितीही बारीक रेघा मारा, त्या सळसळीखाली दिसणार कुणाला? रेकॉर्ड करताना मात्र चोवीस कामाला येतात. आवाज कमी भरला गेला आणि मागाहून वाढवावा लागला, तरी खरखर वर येत नाही. पण एकदा नीट भरलेला सूर ऐकणाऱ्याला सोळा बिटमध्ये तसाच ऐकू येतो. "लायब्ररी घेताना आदी बघायचं, वाजवलंय कुनी आनि कसं," तो म्हणाला. "बिट मागनं. मी उलटं करत हुतो."

"मग आईंना काय खटकतंय?" चैतालीनं विचारलं. दिपक बाहेर येऊन कापडावरूनच माझ्या भात्याला हात लावून गेला. कोपऱ्यात ठिगळ नाही, आणि भात्यावरचा बाईंचा हात तर आता कुणालाच आणता येणार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले महिने सरत चालले होते. बाई खुणांनी बोलायला शिकल्या होत्या. मला त्याचीच भीती वाटत होती.

अशात एका शनिवारी दुपारी नंदू आला. नंदू अकलूजचा, तिथल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. पूर्वी सोलापुरात शिकायला होता तेव्हा बाईंच्या पार्टीत साथीला बसायचा. सोलापुरात रात्री त्याचा कार्यक्रम होता, बाईंच्या आजारपणाचं कळलं म्हणून आधी घरी आला. बाईंच्या पाया पडला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुणेनं त्याला बसायला सांगितलं. त्यानं माझ्यावरचं कापड पाहिलं आणि दिपककडे पाहिलं. दिपकनं त्याला सगळं सांगितलं, ठिगळासकट.

नंदू ऐकता ऐकता उठून उभा राहिला. "आरं, पण बाईंच्या पेटीचा आवाज माज्याकडं हाय की!"

"कुटनं?"

"मीच भरला हुता. बाई माइकवर उभ्या राहून गायला लागल्या, तवा पेटी कोन वाजवनार? मग एका दुपारी बाईंनी सगळे सूर वाजवून दिले आनि मी ते माज्या कीबोर्डात भरले. अजून वाजवतो मी. गाडीत हाय बघ कीबोर्ड." मग जरा ओशाळून म्हणाला, "पन सोळाच बिटचं हाय रे. तवा तेवडंच घेत हुता तो."

मला ती दुपार आठवली. नंदूनं माझ्यासमोर माइक धरला होता, बाई हसत होत्या. पण त्या कार्यक्रमांना मी घरीच राहायचे. पुढे त्या आवाजाचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पेटीला कोण सांगतं?

दिपक म्हणाला, "घिऊन ये. बिट नंतर मोजू."

नंदूनं कीबोर्ड आणला, बाकावर ठेवला, वायर लावली. बाई निरिच्छपणे बसल्या होत्या. दोन पेट्या नाकारून झाल्या होत्या, तिसरीची त्यांना उमेद नव्हती. चैतालीनं त्यांचा उजवा हात उचलून काळी चारवर ठेवला. बाईंनी पट्टी दाबली.

फुस्स!

सूर बसला आणि उठला. दोन छोटे हिसके आणि एक लांब दाब. मित्रांनो, तो माझा आवाज होता. दमेकरी, ठिगळाचा, माझा. मी कापडाखाली होते आणि माझा आवाज बाहेर वाजत होता. आणि त्या आवाजात आणखीही काहीतरी होतं, किण् किण् असं, अगदी बारीक. नंदू घाईनं म्हणाला, "ते बांगड्यांचं हाय. भाता हलवताना बाईंच्या बांगड्या वाजायच्या. मला काडता आलं न्हाय तवा."

बाईंनी पट्टी सोडली नव्हती. सूर लांबत होता, बांगड्या वाजत होत्या. बाईंनी खाली मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं. दवाखान्यात सूज आली म्हणून त्या हातातल्या बांगड्या कापून काढल्या होत्या, मनगट मोकळं होतं. त्यांनी पुन्हा पट्टी दाबली, पुन्हा ऐकलं. मग एकेक शब्द ओढत, पण सगळ्यांना कळेल असं त्या बोलल्या, "माजा... डावा हात... वाजतोय की."

चैताली तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. दिपक वायर नीट बसली आहे का, ते उगाचच पाहत राहिला. आणि बाईंनी सा लावला. आवाज जड होता, घोगरा होता, कडेला फाटत होता, पण तो सुरात होता. पट्टी सुटेपर्यंत तो सुटला नाही. मग त्यांनी रे लावला.

त्या रात्री नंदूनं उसन्या कीबोर्डवर कार्यक्रम केला. आपले आवाज दिपकच्या कॉम्प्युटरात उतरवून झाल्यावरच त्यानं स्वतःचा कीबोर्ड परत नेला. दिपकनं ते सूर तपासले. खर्जातले दोन सूर नंदूनं भीत भीत फार हळू भरले होते. ते वाढवले की खरखर ऐकू येते. तिथे चोवीस बिट असते तर उपयोग झाला असता, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. दिपक म्हणाला, साफ करून देतो. बाई म्हणाल्या, "हात लावू नको." ठिगळावरून पोरगं शहाणं झालं होतं, त्यानं लावला नाही.

आता बाई रोज सकाळी गातात. आधी सूर, मग कविता, मग पाढे. "तेरा एके तेरा" म्हणताना "तेरा" अजून नीट येत नाही, जीभ अडखळते. पण परवा भाजीवाल्याला त्यांनी दारातून हाक मारली आणि तो थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हातात फरक पडेल असं वाटत नाही, बोलण्यात मात्र पडतोय.

मीही माळ्यावर गेले नाही. भाता धरून धरून चैतालीला माझी गोडी लागली. संध्याकाळी ऑफिसातून आली की ती मला उघडते आणि बाई शेजारी कीबोर्डवर बसतात. चैताली भाता जोरात ओढते, बाई तिच्यावर ओरडतात, "हळू! दम... घिऊ दे तिला!" माझा नवा आवाज अजून मलाच सवयीचा झालेला नाही. पण तोही कुणाच्या तरी हाताला लागतोय, होईल सवयीचा. शेजारी माझा जुना आवाज वाजत असतो. त्यात ठिगळ आहे, बांगड्या आहेत आणि बाईंचा तो हात आहे. मला आता त्याचा हेवा वाटत नाही. तो बाईंपाशीच बरा आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्याही घरात असेल. तिला पुसा, उन्हापावसात टाकू नका, दुरुस्तही करा. फक्त त्याआधी ती जशी आहे तशी एकदा नीट ऐकून घ्या. आणि घरात कुणी गाणारं, वाजवणारं, नुसतं हाका मारणारं माणूस असेल, तर त्याचा आवाज आजच भरून ठेवा. मोबाइलवर ठेवा, मागे कुकर वाजत असला तरी ठेवा. किती बिटांत भरला, हे मागाहून कुणी विचारत नाही. भरायचाच राहून गेला, तर मात्र चोवीस बिटांतही तो कुठे सापडत नाही.